तुडुमाचा खालचा खुंटा

चिचटोल्याच्या तलावाचा खालचा खुंटा काढायला तीन बुड्या लागत. पहिल्या बुडीत हातानं गाळ सारायचा. दुसरीत खुंट्याभोवतीची चिंधी आणि चिकण माती उकरायची. तिसरीत पाय दगडाला लावून खुंटा उपसायचा, तोही बाजूला राहून. भोकासमोर अंग न्यायचं नाही. भोक वीतभरच, पण पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाखालच्या, दगडी नालीतून पाणी एकदा खेचायला लागलं की आत गेलेला हात परत येत नाही.

केवळराम वलथरेच्या घरात हे काम चार पिढ्यांचं होतं. तुडुम म्हणजे तलावाच्या पोटात उभा केलेला दगडी खांब. त्याला एकाखाली एक चार भोकं, प्रत्येक भोकात ऐनाच्या लाकडाचा खुंटा. धानाला पाणी हवं झालं की शेतकरी केवळरामला हाक मारत आणि तो वरचा खुंटा काढी. पाणी उतरलं की त्याच्या खालचा. तीन खुंटे शेतकऱ्यांचे. चौथा होळीपर्यंत काढायचा नाही. तो बंद असला तर तलावात कंबरभर पाणी राहतं आणि तेवढ्या पाण्यात मासे धरणाऱ्या ढिवरांचा, केवळरामच्या जातभाईंचा, मासा वाढतो. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण पाळलं जात होतं.

मारोतराव सरपंच झाला आणि ते मोडलं. दोन वर्षं त्यानं दिवाळीच्या आधीच चौथा खुंटा काढायला लावला. केवळरामनं मान खाली घालून काढला. आठ दिवसांत तलावाचा चिखल झाला. वीतभर मासे चिखलात तडफडले, कावळ्यांनी डोळे काढून खाल्ले, आणि ढिवरपुऱ्यातल्या अठ्ठावीस घरांनी हिवाळा वरठीच्या कारखान्याबाहेर माती वाहून काढला.

"तुमीच बुडी मारता अन् तुमचेच मासे मारता," बायाबाई नवऱ्याला म्हणाली. "दुसऱ्याले कायले नावं ठेवता?"

हे केवळरामला लागलं. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो आमदाराकडे गेला.

आमदार श्यामराव स्वतः धानकरी होते. निवडून आले तरी एस.टी.नं फिरायचे. सोमवारी सानगडीच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानापुढं बाक टाकून बसायचे आणि लोकांचं ऐकून वहीत लिहायचे. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा वीजखांब, कुणाची पळून गेलेली सून. लिहिलेलं काम झालं की ओळीवर रेघ मारायची, झालं नाही तर पुढच्या सोमवारी पुन्हा लिहायचं. केवळरामला हा माणूस त्या रेघांमुळे पटला.

त्यानं सगळं सांगितलं. श्यामरावांनी विचारलं, "मासा जगाले किती पानी लागते?"

केवळरामनं कंबरेवर हात ठेवला. "एवढं."

"एवढं म्हंजे? कायद्यात तुझी कंबर लिवू का?"

लोक हसले. श्यामरावांनी शिंप्याकडून टेप घेतला आणि भर बाजारात, केवळरामला चपला काढायला लावून, टाचेपासून कंबरेपर्यंत मोजलं. तीन फूट दोन इंच.

"तीन फूट लिवतो," ते म्हणाले. "दोन इंच सरकारले सोड."

त्यांनी विधेयक लिहिलं. सरकारचं नव्हे, एकट्या आमदाराचं, म्हणजे अशासकीय. प्रत्येक सिंचन तलावात मासेमारीसाठी तीन फूट पाणी राखून ठेवावं, ते कुणी सोडलं तर शिक्षा व्हावी. चार कलमं होती. त्यासाठी ते तीनदा मुंबईला गेले, दोनदा मसुदा परत आला, तिसऱ्यांदा पावसाळी अधिवेशनात मांडला गेला. पुढची चर्चा हिवाळी अधिवेशनात, नागपूरला. छापलेली प्रत त्यांनी स्वतः आणून दिली. केवळरामला वाचता येत नव्हतं. त्यानं ‘तीन’ हा आकडा कुठं आहे एवढं विचारून घेतलं आणि तिथं बोट ठेवून पाहिलं.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस आला नाही.

धान गर्भावर आला तेव्हा तीन खुंटे काढून झाले होते. बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यांना, भेगा पडल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मारोतराव चाळीसेक माणसं घेऊन पाळीवर आला. सकाळचे नऊ वाजले असतील. केवळराम आणि त्याचा भाऊ बाबुलाल डोंग्याला, आपल्या लहान होडीला, डांबर लावत बसले होते.

"केवळ्या, उतर," मारोतराव म्हणाला. "खालचा काढ."

"नाई काढत, पाटील."

"काहून?"

"मासा हातभर हाय. अन् कायदा येऊन रायला."

कायद्याचं नाव त्यानं काढायला नको होतं. गावात तोवर बोलणं असं पसरलं होतं की ढिवरांनी आमदाराला धरून तलाव कायमचा आपल्या नावावर करून घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "आमचा धान जळून रायला अन् हा मासोळीसाठी कायदा करून रायला बे!"

पहिली काठी बाबुलालच्या डोक्यात बसली. तो डांबराच्या डब्यावर पडला. केवळराम उठेपर्यंत बैलगाडीची उभारी त्याच्या बरगडीवर आली. उभारी म्हणजे गाडीच्या कडेला उभा ठोकलेला दांडा, मनगटाएवढाच जाड, पण माणूस मोडायला पुरतो. दुसरा घाव त्याच जागी बसला आणि आत काहीतरी तुटल्याचं त्याला कळलं. त्याला पाळीवर पालथं पाडून हात बैलाच्या दाव्यानं मागं बांधले. खाली डोंगे उलटे करून त्यांनी कुऱ्हाडीनं फोडले. वाळत घातलेली जाळी एका जागी गोळा केली आणि पेटवली. नायलॉनचं जाळं जळताना वितळतं. वितळलेले थेंब बाबुलालच्या पायावर पडत होते आणि तो बेशुद्ध असूनही पाय ओढून घेत होता.

बायाबाई आणि पुऱ्यातल्या बाया धावत आल्या. त्यांना पाळीच्या तोंडाशी अडवलं. बायाबाईनं एकाच्या मनगटाला चावा घेतला. त्यानं तिच्या तोंडावर इतक्या जोरात हाणलं की तिचे पुढचे दोन दात तिच्याच हातात आले. ते पदरात बांधून ती पुन्हा त्यांना आडवी गेली.

"तू नाई तर काय कोनी मर्द नाई गावात?" मारोतराव केवळरामला म्हणाला. "सुखराम, उतर!"

सुखराम मारोतरावाचा धाकटा भाऊ. दोन मण धानाचं पोतं एकटा पाठीवर घेणारा. त्याला थोडंफार पोहता येत होतं. बुडी त्यानं तलावात म्हशी धुताना मारली असेल तेवढीच. तलाव कंबरभर होता, पण तुडुमाभोवतीच्या खळग्यात पाणी दीड पुरुष. तो कपडे काढून उतरला आणि लोकांनी शिट्या मारल्या.

त्यानं पाचसहा बुड्या मारल्या. दर वेळी वर येऊन सांगे, "हालते! हालून रायला!"

केवळरामनं त्याच्या बुडीची दिशा पाहिली आणि पालथ्या पालथ्या ओरडला, "समोर जाऊ नोको! बाजूनं धर! सुखराम, बाजूनं!"

"पाह्य रे, मासोळी बोलून रायली," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं केवळरामच्या मानेवर पाय ठेवला. त्याचं तोंड मातीत दाबलं गेलं.

सुखराम सातव्यांदा खाली गेला. पाळीच्या दुसऱ्या अंगाला नालीतून पाणी धबकन आलं आणि पाटात उसळलं. लोकांनी आरोळी दिली. धानाच्या बांध्यांकडे दोघं फावडी घेऊन पळाले. मग पाणी एकदम आखडलं, बारीक धारेवर आलं. आणि सुखराम वर आला नाही.

बुडबुडे आले. आधी मोठे, मग बारीक. मारोतराव आधी हसला, "दम दाखवून रायला." मग त्याचं हसू गेलं. दोघं उतरले आणि नाकातोंडात पाणी जाऊन परत आले. त्यांना तळ सापडत नव्हता.

मारोतरावानं स्वतः केवळरामचं दावं कापलं. कापताना विळा केवळरामच्या मनगटात गेला.

"काढ त्याले. केवळभाऊ, तुये पाय धरतो, काढ!"

केवळरामच्या तीन बरगड्या तुटल्या होत्या. श्वास पुरा आत जात नव्हता. "नालीचं तोंड बुजा," तो म्हणाला. "पोती, माती, जे भेटन ते. तिकडं पानी थांबल्याबिगर इकडं हात सुटत नाई." आणि तो उतरला.

खाली काही दिसत नव्हतं. हातानं चाचपलं. सुखरामचा उजवा हात खांद्यापर्यंत भोकात गेला होता आणि गाल दगडाला चिकटला होता. दुसऱ्या हाताची मूठ अजून उघडझाप करत होती. त्या हातानं केवळरामचा दंड पकडला. केवळरामनं दगडाला पाय लावून ओढलं. खांदा निखळला, पण हात निघाला नाही. श्वास संपला, तो वर आला, रक्त थुंकला, पुन्हा गेला. तिकडे चाळीस माणसं नालीत धोतरं, पोती, माती कोंबत होती. एकजण स्वतःच पाठ लावून बसला होता. तिसऱ्या बुडीत ओढ थांबली. हात सुटला. पण मूठ तोवर ढिली पडली होती.

त्यानं सुखरामला पाळीवर आणलं. हाताची कातडी कोपरापासून सोललेली होती. उताणं करून, पालथं करून, पोट दाबून झालं. पाणी निघालं, माणूस निघाला नाही.

मारोतराव भावाजवळ बसला होता. तो उठला, केवळरामकडे पाहिलं आणि म्हणाला, "यानंच पायानं दाबून मारलं."

चाळीस जणांनी ते ऐकलं. अर्ध्या घटकेपूर्वी काय झालं ते त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पोलिसांना मात्र सगळ्यांनी मारोतरावाचंच सांगितलं.

नालीतली पोती दुसऱ्या दिवशी निघाली. सहा दिवस पाणी चाललं. मारोतरावाच्या बाजूच्या चाळीस एकरांतला बारा एकर धान त्या पाण्यावर वाचला, हे खरं आहे. बाकीचा जळाला. तलावात मासे सडले आणि वास सानगडीच्या रस्त्यापर्यंत आला.

श्यामराव भंडाऱ्याच्या दवाखान्यात आले तेव्हा केवळरामच्या खाटेजवळ शिपाई बसला होता. त्यांनी मोसंबी आणली होती. सोलून दिली.

"दोन्हीकडून केसा हायेत," ते म्हणाले. "तुह्यावर खुनाची. त्यायच्यावर जाळपोळ अन् मारहान. मी मारोतरावासंग बोललो. ते आपली जबानी मागं घेतील. तूबी घे."

"आन् कायदा?"

"तो हाये ना. शुक्रवारी येते. तू नागपूरले ये, पास काढतो."

केवळरामनं अंगठा दिला. बाबुलाल तोवर चालू लागला होता, पण बोलताना शब्द विसरत होता. पुढंही विसरतच राहिला.

डिसेंबरातला तो शुक्रवार. अशासकीय कामकाज शुक्रवारीच असतं. केवळराम प्रेक्षकांच्या गॅलरीत मागच्या बाकावर बसला. बरगड्यांना पट्टा होता. खाली निम्मी बाकं रिकामी होती. श्यामराव उठले आणि वीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले. कागद न पाहता बोलले. चिखलात मरणारा मासा, जळालेली जाळी, तुटलेले डोंगे. सुखरामचं नावही घेतलं. पाणी शेतकऱ्यालाही हवं हे सांगितलं. एका बाजूच्या लोकांनी बाकं वाजवली.

मंत्री उठले. प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणाले. सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे. कायद्याची गरज नाही, परिपत्रक काढू. तरी सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं.

श्यामराव पुन्हा उठले. त्यांनी गॅलरीकडे पाहिलं नाही. "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनामुळे, सभागृहाच्या परवानगीने, मी माझे विधेयक मागे घेतो."

अध्यक्षांनी विचारलं, परवानगी आहे? चारदोन आवाज ‘होय’ म्हणाले. दुसऱ्याचं विधेयक पुकारलं गेलं.

केवळरामला कळायला वेळ लागला. शेजारच्या माणसाला त्यानं विचारलं, "झालं का आमचं?"

"झालं. मागं घेतलं ना."

तो उभा राहिला. "कावून?" तो ओरडला. "भाऊसायेब, कावून घेतलं मागं? मानूस मेला ना त्यात!" दोन मार्शल त्याच्या अंगावर आले. त्यानं गजाला घट्ट धरलं. एकानं बोटं सोडवली, दुसऱ्यानं पट्ट्यावरूनच कवळ घातली आणि जुळत आलेली बरगडी पुन्हा मोडली. सभागृह उठेपर्यंत त्याला खालच्या खोलीत बसवून ठेवलं. संध्याकाळी श्यामराव सोडवायला आले.

"मतदानाले टाकलं असतं तर पडलंच असतं, केवळराम. एकट्याचं बिल कधी पास होत नाई. निदान परिपत्रक तं निघन."

"तुमाले हे आधी माहीत होतं?"

श्यामराव त्याच्या शेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "मारोतरावानं जबानी मागं घ्याले एकच अट घातली होती."

केवळराम त्यांच्यापासून दोन हात लांब सरकून बसला. "मले फासावर जाऊ द्याचं होतं," तो म्हणाला. "पानी तं रायलं असतं." आणि पायी स्टेशनकडे निघाला.

परिपत्रक निघालं. ते लाखनीच्या कचेरीपर्यंत आलं, असं म्हणतात.

पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, तुडुमाचा खळगा साफ करून चारही खुंटे नव्यानं बसवायचे असतात. तलाव कोरडा असतो, चालत जाता येतं. हे काम वलथरे घराचंच. दुसरं कुणी तुडुमाला हात लावत नाही. त्र्याऐंशीच्या मेमध्ये केवळराम सब्बल म्हणजे लोखंडी पहार, घमेलं आणि सिमेंटचं एक पोतं घेऊन गेला. वरचे तीन खुंटे त्यानं रीतीप्रमाणं बसवले, चिंधी गुंडाळून, माती थापून. चौथ्या भोकात आधी दगड भरायला सुरुवात केली.

सुखरामची बायको रुखमिणी पाळीवरून उतरून आली. ती खळग्याच्या काठाशी उभी राहिली.

"हेच का ते?"

"हाव."

तिनं वाकून भोकाकडे पाहिलं. "ओरडले का थे?"

"पान्यात आवाज नाई निघत, बाई."

"तुमी पायानं दाबलं का?"

"नाई. माया दंड धरला होता त्यानं. शेवटपर्यंत धरला होता."

तिनं पदर खोचला, खाली उतरली आणि दगड उचलून द्यायला लागली. मोठे आधी, मग बारीक. न सांगता तिला कळत होतं. केवळराम हात घालून दगड ठोकून बसवत होता आणि वर सिमेंट भरत होता.

अर्धं भोक भरलं तेव्हा मारोतराव सहा माणसांसह आला. हातात बैल हाकायची तुतारी होती. सिमेंट पाहून तो थबकला.

"खुंटा कुठं हाये?"

"खुंटा नाई," केवळराम म्हणाला. "आता हे कधीच उघडत नाई."

"तुया बापाचा तलाव हाये का बे?" तुतारी केवळरामच्या पाठीवर बसली. लोखंडी आर कातडीत शिरली.

भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, घरची सून बोलत नाही, तोंड दाखवत नाही. रुखमिणीनं डोक्यावरून पदर तोंडापर्यंत ओढला आणि एक शब्द न बोलता पुढचा दगड केवळरामच्या हातात दिला. मारोतराव ओरडला, "घरी जा!" तिनं आणखी एक दगड उचलला. तुतारी तिच्या मनगटावर पडली. दगड तिच्या पायावर पडला. ती वाकली, डाव्या हातानं तो पुन्हा उचलला.

केवळरामनं सब्बल घेतली. तो रागानं धावला नाही. लाकूड फोडताना माणूस जागा बघतो तशी त्यानं जागा पाहिली आणि मारोतरावाच्या उजव्या गुडघ्यावर हाणली. हाड फुटल्याचा आवाज कोरड्या तलावात घुमला. मारोतराव पडला. पुढं आलेल्या दुसऱ्याचा दंड मोडला. बाकीचे चौघे थांबले. केवळराम सब्बल टेकून उभा राहिला, त्याच्या पाठीतून रक्त पायापर्यंत येत होतं.

"उचला याले," तो म्हणाला. "अन् मले माल संपू द्या. घट्ट होऊन जाईल."

त्यांनी मारोतरावाला खाटेवर घालून नेलं. केवळरामनं भोक काठोकाठ भरलं, थापीनं सारखं केलं, वर ओलं पोतं टाकलं. ढिवरपुऱ्यातल्या बाया येऊन भोवती बसल्या. पोलीस आले तेव्हा तो पोत्यावर पाणी शिंपडत होता. सिमेंट सुकू द्यायचं नसतं, पकडायला वेळ लागतो.

खटला दीड वर्ष चालला. मारोतरावाचा पाय कायमचा ताठ झाला. केवळरामला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यानं नाकारलं नव्हतं काहीच.

पंच्याऐंशीच्या सुरुवातीला, निवडणूक तोंडावर असताना, श्यामराव त्याला भंडाऱ्याच्या जेलात भेटायला आले. केस पांढरे झाले होते. जाळीपलीकडे बसून त्यांनी पिशवीतून कागद काढला.

"गावचा अर्ज हाये. दोनशे सह्या. तुडुमाचं सिमेंट फोडा म्हनतात. कलेक्टरकडे न्याचा तं माही सही पायजे." त्यांनी कागद जाळीपुढं धरला. "तू सांग, काय करू?"

"बायाबाई आली होती. मासा चांगला भेटला म्हने औंदा," केवळराम म्हणाला.

"मी अर्जाचं इचारून रायलो."

"तलाव आटला का गा दोन वर्सांत?"

"नाई. कसा आटन? खालचं बंद हाये ना."

"मंग करा सही, भाऊसायेब. तुमाले मतं पायजेत." केवळरामनं जाळीला तोंड लावलं. "पन ते सिमेंट दीड पुरुस पान्याखाली हाये. छिन्नी घेऊन फोडाले कोन उतरते, त्याचं नाव तेवढं वाचून दाखवा मले."

श्यामरावांनी अर्ज पुढून मागून पाहिला. दोनशे नावं होती. त्यांनी घडी घातली आणि सही न करता पिशवीत ठेवली. बाहेर जीप वाट बघत होती, लाखनीला दोन वाजता सभा होती.